कानाने घर दाखवणारे जनूभाऊ

जनूभाऊ प्लॉट दाखवायला निघाले की त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर गिऱ्हाईक नसतं, प्लास्टिकची खुर्ची असते. लाल रंगाची, सुतळीने करकचून बांधलेली. गिऱ्हाईक आपल्या गाडीतून मागोमाग येतं. जागेवर पोचलं की जनूभाऊ सुतळी सोडतात, खुर्ची मोकळ्या जागेच्या मधोमध मांडतात आणि म्हणतात, "बसा. डोळं मिटा. आन आता बघा."

"डोळे मिटून काय बघू?" असं गिऱ्हाईक विचारतंच.

"शेजार," जनूभाऊ सांगतात. "भिंत डोळ्यानं दिसती. शेजार कानानंच बघावा लागतो."

तन्वी, ओंकार, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना तुम्हाला माझ्या खिडकीतून खुर्ची घेऊन जाणारे एक गृहस्थ दिसले आणि "आजी, ते काका खुर्चीला फिरायला नेतात का?" असं तुम्ही विचारलंत, ते हेच. फोनवर सांगून संपणारा हा माणूस नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या तुंगार्लीत घरं विकणारे एजंट पुष्कळ आहेत. बाकीचे सगळे भर दुपारी जागा दाखवतात. त्या वेळी कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. "बघा सर, किती शांत!" असं म्हणायचं, तलावाकडे हात करायचा आणि निघायचं. जनूभाऊंचं उलटं. गल्लीत जेव्हा सर्वांत जास्त आवाज असेल तेव्हाच ते गिऱ्हाईक आणतात. गणपतीच्या दिवसांत, भजनाच्या दिवशी, शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम चालू असताना. लोकांच्या मोबाइलवर ते ज्या जाहिराती पाठवतात, त्याही तशाच असतात. एक मी जपून ठेवली आहे: "तीन खोल्या, वर गच्ची. मंगळवारी भजन, पेटी सुरात आहे. डावीकडच्या घरात तबल्याची शिकवणी, पोरं अजून कच्ची आहेत. समोरच्या काकू नाटकात काम करतात, तालमीला रडण्याचा आवाज आल्यास घाबरू नये." खोल्या केवढ्या, पाणी किती वेळ येतं, हे त्यात कुठेच नव्हतं.

मी एकदा म्हटलं, "जनूभाऊ, क्षेत्रफळ तरी लिहा."

"मावशी, क्षेत्रफळ काय, सात-बाऱ्यावर असतंय. तबला कुटल्या उताऱ्यावर येतो?"

वय साठीकडे झुकलेलं, अंग थोराड, आणि मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. लोणावळ्याच्या हवेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "ती बाई कवा फिरंल सांगता येत न्हाई," असं ते हवेबद्दल खाजगी आवाजात सांगतात. लोकांना बंगले विकतात, पण स्वतः बाजारामागे भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. स्वतःचं घर का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "हलवाई काय रोज पेढं खातो व्हय?"

या खुर्चीमागे एक कारण आहे. फार पूर्वी तेही इतरांसारखे दुपारीच जागा दाखवत. एका कुटुंबाला त्यांनी असाच एक बंगला विकला. ते लोक राहायला आले, पहिल्याच मंगळवारी पलीकडच्या घरात भजन सुरू झालं आणि त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. भजनी मंडळी साधी माणसं. दारात पोलीस आले याचीच त्यांना लाज वाटली, आणि टाळ खुंटीला लागले ते बरेच महिने. जनूभाऊंनी घरोघरी जाऊन मनधरणी केली तेव्हा कुठे ते परत खाली आले. तेव्हापासून जनूभाऊ आवाज लपवत नाहीत. "दावलेला आवाज शेजारी व्हतो, लपवलेला आवाज भांडान व्हतो," हे त्यांचं व्यवसायाचं सूत्र.

आता गोष्ट आमच्या पटांगणाची. माझ्या फाटकासमोर, उताराला, एक मोकळी जागा तुम्ही पाहिली आहे. ओंकार तिथे सायकलवरून पडला होता. ती कुणा मुंबईच्या मालकांची. ते कधी येत नसत, म्हणून गल्लीने ती आपलीच मानली होती. चैत्रात गावदेवाची यात्रा असते. तिच्या आधी महिनाभर तिथे ढोल-लेझीमची तालीम चालते. यात्रेच्या संध्याकाळी देवाची पालखी तिथेच पहिली टेकते. जागेच्या घरच्या बाईने पालखीच्या भोयांचे पाय धुवायचे, ओवाळायचं, मगच पालखी पुढे उचलायची, अशी जुनी रीत. तिथे आता घर नसल्यामुळे खालच्या आळीतल्या सखूबाई, पाऊणशे वर्षांच्या, घागर घेऊन येत आणि वेळ निभावून नेत.

गेल्या वर्षी मालकांनी ती जागा विकायला काढली. जनूभाऊंना सांगितलं आणि राकेश नावाच्या दुसऱ्या एका एजंटलाही सांगितलं. जो आधी पक्कं गिऱ्हाईक आणेल त्याचा सौदा. राकेशच्या बुटांत आपला चेहरा दिसतो. त्याच्याकडे गिऱ्हाईक तयारच होतं: शनिवार-रविवार भाड्याने द्यायचे बंगले बांधणारा एक बिल्डर. चारी बाजूंनी उंच भिंत, आत पोहण्याचा तलाव. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी तो विसार द्यायला येणार, हे राकेशने गल्लीत येऊन हसत सांगितलं.

म्हणजे जनूभाऊंच्या हातात यात्रेपर्यंतचे दिवस होते. तेवढ्यात ढोल सहन करणारा मालक शोधायचा, नाहीतर पटांगण गेलं, तालीम गेली, पालखी टेकायची जागा गेली.

त्यांनी गिऱ्हाइकं आणायला सुरुवात केली, आणि अर्थातच ऐन तालमीच्या वेळी. मी माझ्या व्हरांड्यातून पाहत असे. मधोमध लाल खुर्ची, तिच्यावर डोळे मिटलेला कुणी तरी मुंबईकर, आणि चहूबाजूंनी ढोल. एका बँकेतल्या साहेबांनी कानांत बोटं घातली. जनूभाऊंनी ती हळूच काढली. साहेब बोटांसह गाडीत बसून गेले. एक जोडपं खुर्चीपर्यंतही आलं नाही. एका बाईंनी विचारलं, "हे बंद कधी होतं?"

"यात्रेनंतर थांबतंय की," जनूभाऊ उत्साहाने म्हणाले. "मग गनपतीपातूर जरा सुनं सुनं वाटतं. पर त्यालाबी सवय व्हती मानसाला."

मी त्यांना चहाला बोलावून समजावलं. "अहो, या एका वेळी दुपारी दाखवा ना. सौदा झाला की मग कळेल त्यांना."

जनूभाऊंनी कप खाली ठेवला. "मग त्यो राकेस काय वाईट हाय, मावशी?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

यात्रेचा दिवस उजाडला तरी पटांगणाला गिऱ्हाईक नव्हतं. त्या संध्याकाळी ठाण्याहून शेवटचं एक जोडपं आलं. नीलिमाताई दातांच्या डॉक्टर, आणि त्यांचे यजमान अविनाशराव नुकतेच निवृत्त झालेले. अविनाशरावांनी गाडीतून उतरता उतरता जाहीर केलं, "मला फक्त शांतता हवी आहे." त्याच क्षणी वरच्या वळणावर ढोल वाजला.

जनूभाऊंनी खुर्ची मांडली. अविनाशराव काही बसेनात. नीलिमाताई प्रवासाने दमल्या होत्या, त्या बसल्या. छान काठाची साडी, मांडीवर पर्स, डोळे सांगितल्याप्रमाणे मिटलेले. आणि पालखी उतार उतरून आली.

त्या वर्षी भोई नवे होते, खालच्या वाडीतली तरुण मुलं. पटांगणाच्या मधोमध, खुर्चीवर, एक भारदस्त बाई डोळे मिटून बसलेली पाहिल्यावर त्यांचा जो समज व्हायचा तो झाला. पालखी सरळ नीलिमाताईंच्या पुढ्यात येऊन थांबली. ढोल थांबले. नीलिमाताईंनी डोळे उघडले तर समोर देव आणि चार जोडी धुळीने भरलेले पाय.

"वैनी, पानी," पुढचा भोई म्हणाला.

नीलिमाताईंनी पर्समधून बाटली काढून त्याच्यापुढे धरली.

"प्यायला न्हाई वो! पायावर!"

अविनाशराव धावत आले. "अहो, गैरसमज होतोय. आम्ही फक्त प्लॉट बघायला आलो आहोत."

"बघा की. कोन न्हाई म्हनतंय? पर आधी पाय धुवा, खांदा लय दुखाया लागला."

"आमचं घर नाही हो हे!"

"मग खुर्ची कुनाची?"

सखूबाई घागर घेऊन एका बाजूला उभ्या होत्या. त्यांनी एकदा जनूभाऊंकडे पाहिलं, एकदा नीलिमाताईंकडे, आणि पुढे होऊन घागर त्यांच्या हातात दिली. "घाल गं बाई. माझी कंबर तरी सुटंल."

मी धावत घरात जाऊन निरांजन, हळद-कुंकू, जे हाताला लागलं ते ताटात घेऊन आले. नीलिमाताईंनी पदर खोचला. रोज लोकांच्या दाढा काढणारी बाई, एकदा काम हातात घेतल्यावर कचरली नाही. एकेका भोयाचे पाय तिने टाचांपर्यंत स्वच्छ धुतले. सखूबाई मागून म्हणाल्या, "एवढं घासाया नगं, देव खोळंबलाय." मग ओवाळणं झालं, गुलाल उधळला, आणि ढोल असा काही सुटला की माझ्या व्हरांड्यातली भांडी वाजली. मुलींनी नीलिमाताईंना लेझमीच्या रांगेत ओढलं. शाळेत केलेली लेझीम हाताला आठवते, हे मी त्या दिवशी पाहिलं. शांतता शोधायला आलेल्या अविनाशरावांच्या हातात कुणी तरी झांज दिली. त्यांनी ती आधी पुराव्यासारखी लांब धरली, मग एकदा वाजवून पाहिली. ती चुकीच्या ठिकाणी वाजली. शेजारचा ढोलवाला ओरडला, "काका, माज्याकडं बघा!" त्यानंतर अविनाशरावांनी दुसरीकडे कुठेही पाहिलं नाही.

पालखी पुढे गेली तेव्हा दोघंही गुलालाने ओळखू येत नव्हती. नीलिमाताई धापा टाकत जनूभाऊंना म्हणाल्या, "जागा आम्ही घेतली."

"मागं-म्होरं इचार करा. ह्ये दर साली हाय," जनूभाऊ म्हणाले. विकायला बसलेला दुसरा कुणी असं बोलला असता का?

"दर वर्षी आहे म्हणूनच," त्या म्हणाल्या. "घर मागच्या अंगाला बांधू. पुढे भिंत नको. भिंत घातली तर पालखी येणार कुठून?"

अविनाशराव म्हणाले, "आणि झांज माझ्याकडेच ठेवू का?"

तिथूनच मालकांना फोन गेला आणि विसार पक्का झाला. दुसऱ्या दिवशी राकेश बिल्डरला घेऊन आला तेव्हा गल्लीतली मुलं माझ्या फाटकावर बसून त्याचीच वाट पाहत होती. "दादा, जागा गेली! देवानं विकली!" राकेश जनूभाऊंवर चिडला. "भाऊ, तुमी मुद्दाम त्या बाईंना मधी बसवलं."

"छ्या! सावलीत खुर्ची ठेवली व्हती."

"संध्याकाळी कसली सावली?"

"डोंगराची," जनूभाऊ म्हणाले, आणि स्कूटर सुरू करून निघून गेले. त्या दिवशी गल्लीत सगळ्यांच्या घरी गोड झालं. भजनी मंडळाने वार नसताना भजन केलं. मीही शिरा केला, तोही साजूक तुपात.

दिवाळीनंतर बांधकामाची आखणी झाली. गवंड्यांनी पटांगणाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या फक्कीने घराच्या रेघा मारल्या आणि ते जेवायला गेले. मी झाडांना पाणी घालत होते. जनूभाऊ एकटेच आले. मला वाटलं, रेघा पाहतील. पण ते तिकडे गेलेच नाहीत. पुढच्या मोकळ्या जागेत, पालखी टेकते तिथून थोडं अलीकडे, ते थांबले. त्यांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. मग मान चांगली खाली घालून, खांदे आक्रसून, एक पाऊल पुढे टाकलं आणि पुन्हा ताठ झाले.

मी फाटकातून हाक मारली. "जनूभाऊ, वाकलात कशाला? वर तर काहीच नाही."

ते दचकले, मग हसले.

"सवय, मावशी. आमचं दार लय बुटकं व्हतं. ल्हानपनी किती येळा कपाळमोक्ष झालाय."

"तुमचं दार?"

"हितं घर व्हतं आमचं. मी शाळंत असताना बापानं जागा इकली, घेनाऱ्यांनी घर पाडलं." त्यांनी पायाने माती थोडी सारखी केली. "आई पायऱ्यांवर उबी ऱ्हायाची घागर घिऊन. लय हळू पानी घालायची. भोई म्हनायचे, वैनी, आटपा."

पाइपातलं पाणी वाहून चाललं होतं. मी नळ बंद केला.

"मग आधी कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? घर काय परत येनार हाय? पानी घालनारं कुनीतरी पाहिजे व्हतं हितं, बास."

ते तिथे थोडा वेळ उभे राहिले, एखाद्या खोलीत उभं राहावं तसे, हात मागे बांधून. गवंडी जेवून परत येताना दिसले तसे जनूभाऊ वळले. बाहेर पडतानाही त्यांनी मान वाकवली, आणि मग चपला घातल्या.