शिडी उडी मारत नाही

"मुलगा चांगला आहे," बूट काढता काढता घड्याळवाले म्हणाले, "पण उडी मारत नाही."

त्यांची बायको दारातच वाट बघत उभी होती. तिला फक्त हो की नाही एवढंच हवं होतं.

"म्हणजे काय समजायचं मी?"

"म्हणजे चाळीस मिनिटांत त्याचे पाय जमिनीवरून चारदा सुटले. त्यातलं एकदा, कुणीतरी त्याच्या पायावर पाय दिला म्हणून. ते मी धरलेलं नाही."

मागोमाग मुलगी आत आली, दोघांकडेही न बघता खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दार जरा जोरात लागलं. त्यावरून आईला निकाल कळला.

घड्याळवाले मिक्सर बनवणाऱ्या कारखान्यात निरीक्षक होते. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहायचं, तो स्क्रू कसा उचलतो, किती वेळा मान वळवतो, किती सेकंद उगाच उभा राहतो, हे सगळं पत्रकात भरायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठे उरलं नव्हतं. घरीही त्यांनी एकदा बायकोला दाखवून दिलं होतं की चहा करताना ती ओट्याजवळ अकरा फेऱ्या मारते, त्यातल्या चार वाचवता येतील. बायकोने त्याच दिवसापासून सकाळचा चहा त्यांच्याकडे सोपवला आणि स्वतःच्या अकराच्या अकरा वाचवल्या.

तर अशा माणसाच्या मुलीने लग्न ठरवलं ते फर्निचरच्या गोदामातल्या एका साडेसहा फुटी स्टोअरकीपरशी. ती त्याच गोदामात माल रवाना करण्याच्या विभागात होती. तो आल्यापासून वरच्या फळ्यांवरचे खोके काढायला कुणी शिडी आणेना, म्हणून त्याचंच नाव शिडी पडलं होतं. कंपन्यांच्या बास्केटबॉल स्पर्धेत तो गोदामाच्या संघाकडून रिंगखाली खेळायचा. मुलगी म्हणाली होती, "बाबा, त्याला एकदा चहाला बोलावू या?" त्यावर घड्याळवाले म्हणाले होते, "चहा पिताना सगळेच गुणी दिसतात. मी माणूस कामावर बघतो." म्हणून ते उपांत्य सामन्याला गेले. ओळख करून द्यायची नाही, मुलीने तीन रांगा पुढे बसायचं, अशा अटी होत्या. आपल्यावर निरीक्षण चालू आहे हे कळलं की कामगार वेगळा वागतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"भाऊजी, सतरा रिबाउंड!" मागून आलेला मेहुणा कळवळून म्हणाला. हा मुलीचा मामा. तरुणपणी कॉलेजच्या संघात होता, आणि गुडघा दुखायला लागल्यापासून अधिकच चांगला खेळाडू झाला होता. "दोन्ही बाजूंचे नेम चुकले, चेंडू रिंगवरून उडाला, की तो पठ्ठ्याच्या हातात! सतरा वेळा! आणखी काय जीव द्यायचा त्याने?"

"सतरा चेंडू त्याच्याकडे आले. तो एकाही चेंडूकडे गेला नाही. समोरच्या संघातला तो लहानखुरा बघ, अख्खा वेळ बेडकासारखा उड्या मारत होता. त्याला म्हणतात मेहनत."

"त्याला रिबाउंड किती मिळाले?"

"दोन. पण कष्टाचे."

"अहो, जागा धरणं म्हणून काही असतं! चेंडू कुठे पडणार ते आधी ओळखायचं, पाठीने समोरच्याला मागे ठेवायचं. ताई, इकडे ये. तू चेंडूसाठी ये बघू." मामाने ताईकडे पाठ केली, गुडघे वाकवले, कोपर बाहेर काढले, आणि तो तिथेच अडकला. त्याला दोघांनी धरून खुर्चीत बसवलं.

"बघितलंस?" घड्याळवाले म्हणाले. "जागा धरून हे होतं."

"अहो, पण मी म्हणते," बायको भावाचा गुडघा चोळत म्हणाली, "हात पुरत असेल तर उडी कशाला मारेल तो? साखरेचा डबा काढायला मला स्टुलावर चढावं लागतं. तो चढणार नाही. म्हणून तो कामचुकार झाला का? आणि स्टुलावरून आठवलं. त्याचा पाय चार महिने हलतोय."

"त्याचं पत्रक भरून ठेवलंय मी. 'दुरुस्ती आवश्यक.'"

"मग आता त्या पत्रकावर उभी राहते मी."

घड्याळवाल्यांनी शिडीचं पत्रक पुन्हा तपासायला घेतलं. आणि तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पॅडवर मूळ प्रत होती, कार्बनखालची दुसरी प्रत नव्हती. कारखान्यात नियम असा की निरीक्षण संपलं की मूळ प्रत स्वतःकडे ठेवायची आणि दुसरी फाडून त्या विभागाच्या प्रमुखाच्या टेबलावर ठेवून निघायचं. सव्वीस वर्षांत हा नियम एकदाही चुकला नव्हता. आजही चुकला नव्हता. सामना संपल्यावर, डोक्यात काही विचार नसताना, त्यांनी दुसरी प्रत गोदामाच्या प्रशिक्षकाच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीखाली नीट ठेवली होती.

"असू दे," ते स्वतःशीच म्हणाले. "कोण वाचतंय."

सगळ्यांनी वाचलं. गोदामाचा वाहतूकप्रमुख हाच संघाचा प्रशिक्षक होता. सोमवारी त्याने ते पत्रक तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा त्याची पाचावर धारण बसली होती. छापील फॉर्म. रकाने. 'प्रत्यक्ष काम', 'अनावश्यक थांबा'. शेरा : 'बराच काळ एकाच जागी उभा आढळतो. प्रयत्न अपुरा.' खाली नाव नाही, नुसतं 'निरीक्षक क्र. ७'. म्हणजे निदान सहा आणखी आहेत! हेड ऑफिसातून माणसं कमी करणार अशी कुजबुज महिनाभर चालू होतीच. आता हेड ऑफिसने सुरुवात बास्केटबॉलपासून का करावी, हा प्रश्न त्याला पडला नाही. घाबरलेल्या माणसाला असले प्रश्न पडत नाहीत. त्याने पत्रकाच्या प्रती काढून एक सूचनाफलकावर लावली आणि शिडीला बोलावून घेतलं.

"शनिवारी अंतिम सामना आहे. उड्या मारायच्या."

"कशासाठी साहेब?"

"कशासाठी काय? लेखी आलंय! नाहीतर बाकावर बसायचं."

मंगळवारपर्यंत गोदामातलं कुणीही एका जागी उभं आढळेना. हमाल रिकाम्या हातगाड्या घेऊन इकडून तिकडे पळत होते. पहारेकरी फाटकाभोवती गोल गोल फिरत होता. आणि शिडी, ज्याचा हात सर्वांत वरच्या फळीला उभ्या उभ्या पोचत असे, तो प्रत्येक खोक्याला उडी मारत होता. बुधवारी त्याने उडी मारून जेवणाचं टेबल काढलं. ते सुट्या भागांत यायचं, पण खोक्यात. त्या दिवशी ते खोक्याबाहेरही सुट्या भागांत आलं.

मुलगी बुधवारी घरी आली ती थेट बाबांपुढे. तिने सूचनाफलकावरचा कागद त्यांच्यासमोर धरला.

"बाबा, ही सातची शेपटी कुणाची?"

घड्याळवाले आपल्या ७ ची शेपटी खाली नेऊन एक वळसा देत. मुलीला आकडे त्यांनीच शिकवले होते. नाही म्हणायची सोय नव्हती.

"सवयीने गेला कागद," ते म्हणाले.

"सवयीने? तो रात्रंदिवस विचार करतोय, मी आळशी आहे का म्हणून! मला विचारतो, 'तू रोज बघतेस, खरं सांग.' मी काय सांगू? माझ्या बाबांनी लिहिलंय म्हणून सांगू?"

"शनिवारपर्यंत थांबू या," घड्याळवाले म्हणाले. "एखादे वेळेस सुधारेलसुद्धा."

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पुढे शनिवारपर्यंत त्यांच्याशी चकार शब्द बोलली नाही.

शनिवारी शिडी उडाला. पहिल्या मिनिटापासून उडाला. चेंडू डावीकडे गेला तरी उडाला, आपल्याच माणसाच्या हातात असला तरी उडाला. तो वर असायचा तेव्हा चेंडू त्याच्या खालून जायचा, आणि तो खाली यायचा तेव्हा कुणाच्या तरी अंगावर यायचा. घड्याळवाल्यांनी उड्यांच्या रकान्यात रेघा मारायला सुरुवात केली. रकाना भरला. त्यांनी समासात मारल्या. समास भरला. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत एकसष्ट उड्या, तीन रिबाउंड आणि पाच फाउल झाले. पाचव्याला तो घोटा मुरगाळून पडला आणि दोघांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर गेला. गोदाम तेवीस गुणांनी हरलं.

"घ्या," मामा म्हणाला. "मोजा आता. हवी होती ना मेहनत?"

 घड्याळवाल्यांनी दोन्ही पत्रकं मांडीवर शेजारी शेजारी ठेवली होती. पहिलं : हालचाल तीन, उत्पादन सतरा. दुसरं : हालचाल एकसष्ट, उत्पादन तीन. सव्वीस वर्षं ते तरुण निरीक्षकांना एकच गोष्ट घोकून घेत आले होते, की जो कमीत कमी हालचालीत जास्त माल काढतो तो पहिल्या नंबरचा कामगार, त्याला हात लावू नका. असा कामगार त्यांना आजवर पाहायला मिळाला नव्हता. मिळाला, तर त्यांनी त्याला बिघडवून ठेवला होता. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि शरमही वाटली.

"तो उद्या चहाला येतोय," मुलगी तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "नाही म्हणायला. म्हणतो, ज्याच्याबद्दल असं लेखी आहे त्याने कुणाच्या वडिलांसमोर कोणत्या तोंडाने मुलगी मागायची? निदान हे तोंडावर सांगायला तरी येतो, म्हणाला."

"मी बोलतो त्याच्याशी," घड्याळवाले म्हणाले.

रविवारी दुपारी शिडी आला. दारात वाकला, जेवणाच्या टेबलावरच्या लोंबत्या दिव्याखाली पुन्हा वाकला, आणि पट्टी बांधलेला पाय पुढे करून खुर्चीत बसला. बसल्यावरही तो उभ्या मामाच्या खांद्याला लागत होता. घड्याळवाले समोर पॅड घेऊन बसले होते. चाळीस वेळा मनात जुळवलेलं वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडेना.

"काका," शेवटी शिडीच म्हणाला, "मी स्पष्टच बोलतो. मला वाटायचं, मी ठीकठाक काम करतो. पण एका जाणत्या माणसाने चाळीस मिनिटं बघून—"

स्वयंपाकघराच्या दारातल्या फळीवरून बायको साखरेचा डबा काढत होती. अर्थात स्टुलावर उभी राहून. चार महिने हलणारा पाय नेमका तेव्हा निखळला. तिने फळी धरली, म्हणून ती वाचली. डबा सुटला. मामा "अरे!" म्हणून झेपावला आणि अर्ध्यावरच अडकला. मुलगी धावली. घड्याळवाले उडी मारून उभे राहिले आणि त्यांच्या हातून पॅड पडलं.

शिडीने बसल्या जागेवरून हात लांब केला. डबा त्याच्या पंजात आला. तो त्याने टेबलावर ठेवला, दुसऱ्या हाताने स्टूल दाबून धरलं आणि म्हणाला, "काकू, सावकाश उतरा. हां, तर एका जाणत्या माणसाने—"

"मी," घड्याळवाले म्हणाले.

"काय?"

"तो जाणता माणूस मी. निरीक्षक क्रमांक सात. हेड ऑफिस वगैरे काही नाही. आणि जाणताही नाही मी. सवयीने कागद ठेवून आलो, आणि चुकीचा शेरा मारला. माफ कर मला."

 शिडीने मुलीकडे बघितलं. तिने मान हलवली.

"म्हणजे माणसं कमी करणार नाहीत?" त्याने विचारलं.

"माझ्या माहितीत नाही."

"आणि मी आळशी नाही?"

घड्याळवाल्यांनी जमिनीवरून पॅड उचललं. कोरं पत्रक काढलं, खाली कार्बन सारखा केला आणि लिहायला बसले.  लिहून झाल्यावर त्यांनी मूळ प्रत स्वतःकडे ठेवली, दुसरी फाडली आणि नियमाप्रमाणे विभागप्रमुखाकडे द्यायला उभे राहिले. क्षणभर घुटमळले. मग ती त्यांनी मुलीच्या हातात दिली.

तिने मोठ्याने वाचली. "काम : पडता डबा पकडणे. हालचाल : एक. अनावश्यक हालचाल : शून्य. शेरा : इतर तिघांनी धावपळ केली, डबा याने पकडला. शिफारस : कायम करावे."

शिडी दुखऱ्या पायाचं भान न ठेवता ताडकन उडाला. दिवा त्याच्या कपाळावर आपटला आणि टेबलावर काचांचा सडा पडला.

घड्याळवाल्यांचा हात सवयीने पेनाकडे गेला होता. बायको स्टुलाचा मोडलेला पाय हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि केरसुणी आणायला गेले.