ओरिजिनल आमच्याकडे आहे

पेठेकाका एकही गाणं पुरतं म्हणत नाहीत. सकाळी ओजिमा स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर रांगेत ते माझ्या पुढे उभे असतात आणि गुणगुणत असतात. गळा बरा आहे, सुरात आहेत. पण अंतरा ऐन भरात आला, आता समेवर येणार म्हणून आपण मान तयार ठेवावी, तर हे गृहस्थ एकदम गप्प. गाडी येते, आम्ही चेंगरत आत शिरतो, आणि उरलेलं गाणं दिवसभर माझ्या डोक्यात अडकून बसतं.

एकदा न राहवून पुढची ओळ मीच म्हटली. काकांनी वळून असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातली पुरणपोळीच उचलली होती.

"ते गाणं तिथे संपतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, पुढे आख्खं कडवं आहे, इंटरनेटवर ऐका हवं तर.

"ते त्यांचं. ओरिजिनल आमच्याकडे आहे."

हे ओरिजिनल म्हणजे बार्शीला, शाळकरी वयात, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर धरून भरलेल्या एकवीस कॅसेटी. तेव्हा गाणं कधी लागेल याचा नेम नसे. निवेदकानं नाव उच्चारलं की धावत जाऊन बटण दाबायचं, तोवर सुरुवातीच्या दोन ओळी गेलेल्या. मग मध्येच वीज जाई, नाहीतर कॅसेट संपे. जिथे तुटलं तिथे काकांच्या लेखी गाणं संपलं. आणि माइकनं खोलीतलं सगळंच टिपलेलं असल्यामुळे एका प्रेमगीतात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत आणि दुसऱ्यात शेजारणीचं धुणं. तेच गाणं काकांना चांगल्या स्पीकरवर ऐकवलं, तर ते कान टवकारून वाट बघतात आणि मग निराश होतात. "बघ. शिट्ट्या खाल्ल्या यांनी."

कॅसेटींवर गाण्यांची नावं नाहीतच. 'आठवी, कांजिण्या.' 'नववी, सायकल चोरीला.' 'नववी, पोस्टमास्तरांची मुलगी', आणि लगेच पुढची, 'पोस्टमास्तरांची बदली'. ही दुसरी कॅसेट दोन्ही बाजूंनी रडकी आहे. काकूंना तिच्याबद्दल सगळं ठाऊक आहे. त्या शांतपणे म्हणतात, "बदली झाली म्हणून मी आले, नाहीतर तिनंच ऐकल्या असत्या शिट्ट्या."

माझी ओळख एवढीच, की मी पुण्याचा, इथल्या एका विद्यापीठात ध्वनीवर काम करतो. रेकॉर्डिंगमधली खरखर, गोंगाट काढून टाकायचा आणि हवा तेवढा आवाज ठेवायचा, हा माझा धंदा. इथल्या मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षांनी आलो आणि काकांच्याच इमारतीत घर मिळालं. पीएचडी झाल्याचं कळल्यावर काकांनी मला डॉक्टर म्हणायला सुरुवात केली, आणि पहिल्याच महिन्यात आपला गुडघा दाखवला.

भूकंपाची गोष्ट काकू येईल त्याला सांगतात. त्या दिवशी गाड्या बंद पडल्या. काका ऑफिसातून तीन तास चालत आले. इमारतीतली सगळी माणसं खाली बागेत उभी होती, काकूही. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मान डोलावली, आणि सरळ जिना चढू लागले. लिफ्ट बंद, जमीन अधूनमधून हलतेय, आणि हा माणूस अकरा मजले चढून एक कॅसेट घेऊन खाली आला.

"बायको खाली थरथरतेय आणि हे वर कॅसेटीला," काकू म्हणतात.

"तू धड आहेस हे दिसलं म्हणूनच गेलो ना," काका म्हणतात. यात त्यांना काही चुकतंय असं अजूनही वाटत नाही.

तेव्हापासून ती कॅसेट दाराशी, आणीबाणीच्या पिशवीत. इथे प्रत्येक घरात अशी पिशवी असते. पाणी, कोरडा भात, टॉर्च, औषधं. पेठ्यांच्या पिशवीत याशिवाय एक छोटा टेपरेकॉर्डर, दर महिन्याला बदललेले सेल आणि ती कॅसेट. वर लिहिलंय, 'दहावी, ऑक्टोबर.' सप्टेंबरातल्या भूकंपाच्या कवायतीच्या वेळी इमारत समितीच्या आजीबाई पिशव्या तपासायला आल्या. त्यांनी टेपरेकॉर्डरला रेडिओ समजून काकांची सगळ्यांदेखत पाठ थोपटली. काकांनी लवून आभार मानले आणि खुलासा केला नाही.

त्या कॅसेटवर एकच गाणं होतं, एका बाईनं गायलेलं विरहाचं. हे मात्र काका शेवटपर्यंत म्हणत. त्यांच्या ऑफिसच्या कराओके पार्टीला एकदा मीही गेलो होतो. यंत्रात आपली गाणी कुठली असायला? काका यंत्रातलं संगीत बंद करून, माइक धरून नुसत्या गळ्यावर म्हणतात. अर्ध्यावर आले, थांबले, हात वर केला आणि एकदम जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मधू, थोडा मोठा कर रे." मी लगबगीनं उठून माइकचा आवाज वाढवला. काकांनी माझ्याकडे जळजळीत पाहिलं. आणि टेबलाभोवतीच्या मोरी-सान आणि ऑफिसातल्या बाकीच्या मंडळींनी टाळ्यांच्या ठेक्यावर एका सुरात म्हटलं, "मोठा कर रे!" सात-आठ वर्षं ऐकून त्यांची खात्री झाली होती, की हे गाण्याचं ध्रुवपद आहे. मधुकर हे काकांचं नाव. आपणच आपल्याला हाक मारण्याचा हा काय प्रकार, असं मला वाटलं. पण ज्या माणसाच्या गाण्यात कुकर वाजतो त्याला किती प्रश्न विचारणार?

काकांची पन्नाशी आली. माझ्या डोक्यात कल्पना आली, की ती जीव की प्राण कॅसेट स्वच्छ करून द्यावी. काका चार दिवस कामासाठी कोबेला गेले तेव्हा काकूंनी मला ती पिशवीतून काढून दिली. जपून हं, एवढंच म्हणाल्या.

मी लॅबमध्ये ती संगणकावर उतरवून घेतली. उतरवून होताच जुनी पट्टी यंत्रात गुंडाळली गेली आणि मधोमध चुरगळून तुटली. तो भाग जोडण्यासारखा उरला नव्हता. पण म्हटलं, गाणं तर आलंय ना संगणकात, जुन्याच्या बदल्यात नवं कोरं देऊ. मूळ गाण्याची चांगली प्रत मिळवली, दोन्ही जुळवून बघितल्या, आणि कॅसेटमध्ये गाण्याशी न जुळणारं जे जे होतं ते उपसून काढलं. ऐकलं थोडंच. आम्ही आवाजावर काम करणारे लोक ऐकतो कमी, आलेख जास्त बघतो. मध्ये कुणा पुरुषाच्या बडबडीचा एक डाग दिसत होता, तोही पुसला. शेवटी उतरवलेली मूळ फाइल पुसून तिच्या जागी स्वच्छ गाणं ठेवलं आणि मोकळा झालो.

रविवारी दुपारी पेठ्यांकडे श्रीखंड-पुरी. जेवणं झाल्यावर मी गाणं लावलं. काय नितळ आवाज होता! मी कौतुकाच्या तयारीनं बसलो. आधी कॅसेट तुटल्याचं सांगून टाकलं, मग म्हटलं की काळजी नको, हे तिच्याहून चांगलं आहे, मध्ये कुणीतरी बोलत होतं तेसुद्धा काढलंय.

काका ऐकत होते. अर्ध्यावर त्यांचा हात सवयीनं वर गेला. गाणं थांबलं नाही, सरळ पुढे निघून गेलं. हात बराच वेळ तसाच वर राहिला.

"छान झालंय," ते म्हणाले. आणि मग, "ते माझे वडील होते."

काकूंनी हातातली वाटी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांनाही हे माहीत नव्हतं.

काकांनी सांगितलं ते असं. वडील त्यांच्याच शाळेत गणिताचे मास्तर. आणि मास्तरांचा मुलगा दहावीला गणितात उडाला. जूनमध्ये निकाल लागला तेव्हापासून वडील बोलेनासे झाले. काही सांगायचं असलं की आईकडे बघून म्हणायचे, त्याला म्हणावं पाणी भर. चार महिने. ऑक्टोबरात परत परीक्षा होती. तीन आठवडे ज्याची वाट पाहिली ते गाणं एका संध्याकाळी लागलं. काकांनी बटण दाबलं, श्वास रोखून बसले, आणि मधल्या खोलीतून वडील म्हणाले, मधू, थोडा मोठा कर रे.

"चार महिन्यांनी माझं नाव घेतलं होतं," काका म्हणाले. "आणि मी काय केलं? गाणं नासवलं म्हणून भडकलो. दार आपटून निघून गेलो. नंतर बोलायला लागलो आम्ही, पण कामापुरतं. मग मी इकडे आलो, ते तिकडे गेले. त्यांचा आवाज म्हणून माझ्याकडे तेवढाच."

मला मान वर करवेना. काकाच मला समजावत राहिले, की अरे, जुनी पट्टी, कधीतरी जाणारच होती, तू चांगल्या मनानं केलंस. त्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी खाली कचऱ्याच्या जागी काचा वेगळ्या आणि डबे वेगळे ठेवताना मला एकदम आमचे प्रोफेसर आठवले. त्यांचा एक नियम आहे, ज्याला आम्ही सगळे हसतो. रेकॉर्डिंगमधून काढलेला गोंगाट फेकायचा नाही, तोही वर्गवारी करून ठेवायचा. ते काम सवयीनं आपोआप होत असे. मी धावतच लॅबमध्ये गेलो. होती. 'पेठे, कचरा' नावाची फाइल होती.

ऐकली, आणि त्याच संध्याकाळी लॅपटॉप घेऊन वर गेलो. काका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. काकूंनी पंखा बंद केला.

यात गाणं नव्हतंच. नुसती खरखर. लांब कुठेतरी सायकलची घंटी. मग तो आवाज, काका काढतात तसाच जाड आणि घोगरा. मधू, थोडा मोठा कर रे. मग स्टूल सरकलं, दार धाडकन आपटलं. काकांनी डोळे मिटून घेतले. गाण्याखेरीज त्यांना ठाऊक असलेलं ओरिजिनल इथवरच होतं. पुढचं कायम गाण्याखाली दबलेलं.

पावलं वाजली. कुणीतरी दुसऱ्या खोलीतून जवळ आलं. त्या रिकाम्या खोलीत, मुलगा निघून गेल्यावर, एक पुरुष अगदी हलक्या आवाजात ते विरहाचं गाणं गुणगुणू लागला. बेसूर, पण शब्द न् शब्द पाठ. गाणं संपेपर्यंत तो तिथेच उभा होता. मग खटकन बटण बंद केल्याचा आवाज.

काकांनी बोटानं पुन्हा लाव अशी खूण केली. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. या वेळी दार आपटल्यावर ते पुढे झुकले, स्पीकरपाशी कान नेला.

"थोडा मोठा कर रे," ते म्हणाले.

मी आवाज वाढवला.