पाण्यातलं कुंपण कसं मोडलं

"कोरो, एक विचारू? तुम्ही सगळे तासन्‌तास कमरेइतक्या पाण्यात उभे असता. मग शू लागली की काय करता?"

मारामाने हे विचारलं आणि टाउपो तळ्याच्या काठी, जिथे थंडगार नदी येऊन तळ्यात शिरते तिथे, सगळं एकदम थांबलं. नदी चालूच होती म्हणा. थांबली ती माणसं. हवेत उडालेले गळांचे दोर पाण्यावर पसरले ते तसेच पडून राहिले.

खरं तर प्रश्न मारामाचा नव्हताच. टेगन आणि वाइमारी या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी काठावरच्या एकुलत्या एक झुडपामागे फोन रोखून बसल्या होत्या, त्यांचा होता. "अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकलंस ना गेल्या महिन्यात? मग कोरोंना एवढं विचारून दाखव," असं टेगन म्हणाली होती. त्या भाषणापासून मारामाला जगात काहीही अवघड वाटेनासं झालं होतं. तिने आईची जुनी छातीपर्यंतची रबरी विजार चढवली आणि बाबाची जाळी धरायचं निमित्त करून ती पाण्यात उतरली.

या रांगेला गावात कुंपण म्हणतात, कारण ती दिसतेच तशी. खांद्याला खांदा लावून माणसं उभी, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. मे महिना संपत आला, आमच्याकडचा हिवाळा लागून डोंगरावर पहिला बर्फ दिसला, की लग्नाची घाई झालेले लालभडक ट्राउट मासे नदीत चढण्यासाठी मुखाशी जमतात आणि कुंपण पहाटेपासून भरतं. कुंपणात बोलायचं नाही. कुंपण सोडलं की जागा गेली, परत येणाऱ्याने शेपटाला उभं राहायचं आणि बाकीच्यांनी एकेक जागा पुढे सरकायचं. सगळ्यात पहिली जागा, जिथे प्रवाह कापत जातो आणि मासे अक्षरशः पायांना घासून जातात, ती कोरोंची. कोरो म्हणजे आजोबा. सगळं गाव त्यांना तेच म्हणतं, खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक.

आणि दुसऱ्या जागेवर आज, आयुष्यात पहिल्यांदा, मारामाचा बाबा होता. त्या जागेवरचा बेकरीवाला मुलीच्या लग्नाला गेला होता, म्हणून.

बाबाला आज मासा मिळणं फारच गरजेचं होतं. मारामाची आई मासेमारी खात्यात रेंजर. दिवसभर गावाचे मासे मोजायची आणि घरी आल्यावर नवऱ्याचा एकही मोजायला मिळायचा नाही. गॅरेजात मात्र काठ्या, दोर आणि गळाला आमिष म्हणून बांधायच्या पिसांच्या नकली माश्यांचे डबे छतापर्यंत रचलेले, आणि आईची गाडी बाहेर पावसात. "मे संपायच्या आत एक ट्राउट घरात आला नाही, तर तुझं सगळं सामान विकायचं, डेन्झिल," असं तिने सांगून टाकलं होतं. ट्राउट विकत आणायची सोय नाही, आमच्या देशात तो विकणंच बेकायदा. गेल्या वर्षी बाबाने सुपरमार्केटातला सॅल्मन मासा ट्राउट म्हणून आणला होता, पण त्यावरचं स्टिकर काढायला विसरला. आणि आज मेचा शेवटचा रविवार होता.

कोरोंनी दोर ओढून घेतला आणि परत फेकला.

"पोरी," ते म्हणाले, "आम्ही तो विषय मनात आणत नाही."

"आणि आला तर?"

"आजवर कोणी आणला नव्हता."

आता आला होता. मारामाला तो रांगेतून पुढे पुढे जाताना स्पष्ट दिसला. आधी बाबाने वजन या पायावरून त्या पायावर घेतलं. मग तिसऱ्या जागेवरच्या क्लिफोर्ड सरांनी, म्हणजे मारामाच्या गणिताच्या सरांनी, गुडघे जुळवले. चौथे दातांचे डॉक्टर प्रेंटिस आकाशाकडे बघायला लागले. त्यापलीकडचं सगळं कुंपण वारा लागल्यासारखं हळूहळू डुलायला लागलं. नदी तर काय, खळखळ, खळखळ.

"सोमवारी आपण बोलू, मारामा," क्लिफोर्ड सर म्हणाले.

तेवढ्यात कोरोंच्या समोर एक ट्राउट उसळला. हा एवढा. मागोमाग दुसरा. मासे आले होते, आणि आता कुंपण सोडेल तो वेडाच. पण शेजारचा सोडून गेला तर? तर आपण एक जागा पुढे. हे सगळ्यांना एकाच क्षणी सुचलं असावं, कारण वर्षानुवर्षं मुकं असलेलं कुंपण अचानक बोलायला लागलं.

"डॉक्टर, परवा धबधब्यावर गेलो होतो," क्लिफोर्ड सर म्हणाले. "काय पाणी पडतंय. धो धो. थांबायचं नाव नाही."

"क्लिफोर्ड, गप बसा."

"नुसतं सांगतोय. आणि बाजूला एक बारीक धारही आहे."

"डेन्झिल, चहा घेतोस?" कोरोंनी खांद्यावरच्या पिशवीतून थर्मास काढला. कोरोंनी आजवर कोणाला पाणीसुद्धा विचारलेलं नव्हतं. "गरम आहे. भरपूर आहे."

"नको, कोरो."

"लाजू नकोस. दोन कप घे."

बाबाचा चेहरा ट्राउटच्या पोटासारखा पांढरा पडत चालला होता. "मारामा," तो कुजबुजला, "इकडे ये. काठी धर. हलवू नकोस. मी आलोच."

"जागा राखायची नाही," कोरो म्हणाले. "हे काय पोहण्याचा तलाव आहे, टॉवेल टाकून जायला?"

"जागा कुठे राखतोय? काठी पाण्यातच आहे. काठी पाण्यात म्हणजे मी पाण्यात."

एरवी कोरोंनी असला युक्तिवाद एका नजरेत उडवला असता. आज मात्र त्यांनी एक पाय दुसऱ्यावर दाबला, डोळे मिटले आणि उघडले.

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले, आणि स्वतःची काठी मारामापुढे केली. "ही पण धर."

"कोरो, मला दोनच हात आहेत."

"काख मोकळी आहे की," क्लिफोर्ड सर म्हणाले आणि त्यांनी आपली काठी तिच्या काखेत सरकवली. "सोमवारचं राहू दे."

डॉक्टरांनी काही विचारलंच नाही. त्यांनी आपली काठी तिच्या रबरी विजारीच्या पट्ट्यात खोचली आणि "पुढच्या वेळी दात अजिबात दुखू देणार नाही" असं म्हणत ते पाण्यातून उड्या मारत निघाले. शेपटाकडचे लोक तर काठ्यांसकट पळाले, त्यांना गमावायला जागाच नव्हती. शतकभर न हललेलं कुंपण बघता बघता काठावर गेलं आणि ते सगळं, कोरोंना पुढे घालून, एकाच दिशेने धावलं.

काठावर झुडूप एकच होतं, हे वर आलंच आहे.

टेगनची किंकाळी पलीकडच्या गावात ऐकू गेली असेल. दोघी मैत्रिणी डोळ्यांवर हात धरून वाळूतून पळत सुटल्या. वाइमारी बाबाला धडकून पडली, बाबा डॉक्टरांना धडकून पडला. बाबाचं पुढचं काम तर अजून सुरूच व्हायचं होतं. जाकीट, जाकिटाखाली पट्टे, पट्ट्यांखाली स्वेटर, आणि त्याच्या आत आईने सक्तीने घालायला लावलेली लोकरीची विजार. क्लिफोर्ड सरांचा एक पट्टा त्यांच्याच मानेत अडकला होता. कोरो तेवढे शांतपणे झुडपाच्या उत्तम बाजूला जाऊन उभे होते. काठावरही पहिली जागा त्यांचीच.

आणि मारामा एकटी पाण्यात, चारी बाजूंनी काठ्या निघालेल्या साळिंदरासारखी.

तेव्हाच एक काठी वाकली.

कोणती, ते तिला कळेना, कारण मासा डावीकडे पळाला आणि चारही दोर सोबत घेऊन उजवीकडे आला. मग तिच्याभोवती एक फेरी मारून तो तळ्याकडे निघाला. मारामाने काखेतली सोडून हातातली धरली, हातातली सोडून पट्ट्यातली धरली. शेवटी सगळ्या काठ्या जळणाच्या मोळीसारख्या एकत्र कवटाळल्या आणि ती मागे मागे काठाकडे चालायला लागली. "बाबा," ती ओरडली, "लागलाय."

बाबा आला. विजार घोट्याशी, लोकर सगळ्या जगाला दाखवत, उड्या मारत आला. "माझा आहे," तो म्हणाला.

"माझ्या दोरावर आहे," क्लिफोर्ड सर म्हणाले.

"माझी माशी आहे ती, मी पिवळं पीस लावतो," डॉक्टर म्हणाले.

"एका माणसाला एकच काठी," मागून आवाज आला.

आई गस्तीला आली होती. टोपी, बिल्ला, हातात नियमांचं पुस्तक.

"आई, ते असं झालं की—"

"ड्यूटीवर असताना आई म्हणू नकोस. या चार काठ्या कोणाच्या?"

मघाशी मासा माझा म्हणणारे तिघे आता एकमेकांकडे बघायला लागले. कोरो सावकाश आले आणि आईला म्हणाले, "पोरीच्या हातात आहेत, नायरी. म्हणजे पोरीच्या." कोरोंना दंड करण्याची हिंमत आजवर कोणाची झालेली नाही, त्यामुळे आईने फक्त श्वास सोडला.

तोवर मारामाने मासा उथळ पाण्यात आणला होता. सगळे खाली वाकले. एवढा मोठा ट्राउट त्या हंगामात कोणी बघितला नव्हता. बाजूंना लाल पट्टा, आणि जबड्यात ठळकपणे दिसणारी एक बेढब, वाकडी, नारिंगी माशी. इतकी वाईट माशी सगळ्या टाउपोत एकच माणूस बांधतो.

"माझी," बाबा अगदी हळू म्हणाला.

आईने ती बघितली. क्षणभर ती रेंजर राहिली नाही, कारण तिचा हात नवऱ्याच्या खांद्यावर गेला. मग ती परत रेंजर झाली. "चार काठ्यांवर धरलेला मासा ठेवता येत नाही, डेन्झिल. पाण्यात सोडावा लागेल."

बाबा गुडघ्यांवर बसला, माशी सोडवली आणि मासा दोन्ही हातांत, डोकं प्रवाहाकडे करून धरला, तान्ह्या बाळाला धरतात तसा. मासा थोडा वेळ तिथेच थांबला, कल्ले हलवत. मग शेपटी मारून गेला. बाबाच्या चेहऱ्यावर पाणी उडालं आणि ते त्याने पुसलं नाही. सगळं कुंपण अर्धवट कपड्यांत उभं होतं.

"मग," बाबा उठत म्हणाला, "विकायचं सगळं. शब्द म्हणजे शब्द."

"मी पण माघार घेणार नाही," आई म्हणाली, पण पुस्तकाकडे बघत म्हणाली.

मारामाने मोळी वाळूवर ठेवली. हातांवर दोरांचे वळ उठले होते, आणि तळव्यांत अजून तो मासा ओढत होता. भाषण करताना वाटलं होतं तसंच वाटत होतं, पण दसपट.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "सामान विकायचं ते बाबाचं. तर ते आजपासून बाबाचं नाही, माझं. काठ्या, डबे, त्या घाणेरड्या माश्यासुद्धा. गॅरेज मी अर्धं रिकामं करीन, आईची गाडी बसेल. दर रविवारी मी कुंपणात उभी राहणार, आणि बाबा नीट वागला तर त्याला बरोबर घेऊन जाईन."