नखाएवढ्या खुर्च्यांचं प्रकरण

या मायबाप, जरा पुढे सरका. गोष्ट चोरीची आहे, पण घाबरू नका. देवाच्या कृपेने हिच्यात रक्ताचा एक थेंब नाही. चहा मात्र पुष्कळ आहे.

"माझ्या नजरेतून मुंगी सुटत नाही," असं प्रामुदितो ऊर्फ दितो स्वतःच सांगायचा, कारण दुसरं कोणी सांगत नसे. "अख्ख्या जोगजा शहरात गुप्तहेर म्हणावा असा मी एकटा." वास्तुकलेच्या कॉलेजातला तो सर्वांत जुना विद्यार्थी; कॉलेजच्या इमारतीसुद्धा त्याच्यानंतर येऊन त्याच्याआधी पूर्ण झाल्या होत्या.

तो भाड्याने राहायचा त्याच घरात खोली घेऊन राहणाऱ्या निंगत्यासला हे सगळं पाठ होतं. पण आज तिचा नाइलाज होता. उद्या सकाळी तिचं मॉडेल परीक्षकांपुढे जायचं होतं, आणि या खेपेला नापास म्हणजे वर्ष बुडालं. मॉडेल होतं गावाच्या सभागृहाचं, आणि कल्पना खुर्चीची: खांब म्हणजे पाय, भिंत म्हणजे पाठ, आणि आत सागाच्या काड्यांच्या नखाएवढ्या खुर्च्या. मागच्या वेळी सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "आणि खुर्ची काढून घेतली, तर उरतं काय?" तेव्हापासून ती कल्पना तिला धरवत नव्हती आणि सोडवतही नव्हती.

आणि आज, घरमालकिणीच्या पुढच्या खोलीत वाळत ठेवलेल्या मॉडेलमधून खुर्च्याच नाहीशा झाल्या!

ओसरीवर आज खुर्च्यांची गर्दी होती. दितोने त्यातली गादीची बघून बैठक मारली, तळलेलं टेंपे, म्हणजे सोयाबीनची वडी, तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"वाळवी," तो म्हणाला.

"दादा, वाळवी भिंती सोडून फक्त खुर्च्या खाईल?"

"चवीची असेल तर खाईल. बरं, मग तुझे सर. प्रश्न कोणी विचारला? त्यांनी. खुर्च्या गेल्या, म्हणजे फायदा कोणाचा?"

"सर आज सोलो गावाला गेलेत, रात्री परत येतील."

"पळून गेले! बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"सासूबाईंना भेटायला गेलेत हो!"

"मग तर पुरावाच. असा बहाणा निरपराध माणूस करत नाही." त्याने दुसरं टेंपे उचललं. "किंवा मांजर."

निंगत्यासच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात घरमालकीण बू सुमिराह चटयांची गुंडाळी काखेत मारून बाहेर आल्या. आज त्यांच्याकडे गल्लीतल्या बायकांचं प्रवचन होतं, डफावरच्या गाण्यांसकट.

"अहो!" त्यांनी यजमानांना हाक मारली. "खोलीतल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्यात ना?"

"सगळ्या," पाक कार्सो परसातून अदबीने म्हणाले. "तू म्हणालीस, आत एकही खुर्ची दिसता कामा नये. बारक्या तर चिकटल्या होत्या गं, सुरीने हलकेच सोडवल्या."

"बारक्या?" निंगत्यासने विचारलं.

"मोठ्यांच्या शेजारीच मांडल्यात, ओळीने."

सगळ्यांनी खाली पाहिलं. दितोच्या खुर्चीखाली, त्याच्या टाचांमध्ये, सभागृहाची अख्खी बैठक शिस्तीत उभी होती.

"चोर घरातलाच," दितो गंभीरपणे म्हणाला, "हा माझा चौथा अंदाज होता."

खुर्च्या एकेक करून ओंजळीत वेचेपर्यंत प्रवचनाची वेळ झाली. त्या परत चिकटवायला म्हणून निंगत्यास आत गेली आणि दारातच थबकली. जिथे एरवी सहा माणसांची दाटी व्हायची, तिथे आता गल्लीभरच्या बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. डफ घुमला. एका म्हातारीने गाण्यातला पहिला सूर लावला आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या चटईपर्यंत तो सगळ्यांनी उचलला. असं गाणं ऐकलं की मायबाप, भिंतीसुद्धा जरा मागे सरतात. निंगत्यासने खुर्च्या आणि गोंद बाजूला ठेवला, कात्री घेतली, आणि मॉडेलची ओसरी दुप्पट रुंद करायला बसली.

सकाळी सरांचा प्रश्न तोच. "खुर्ची काढून घेतली, तर उरतं काय?"

"गाव मावतं, सर," निंगत्यास म्हणाली. आत चटईचा तुकडा अंथरला होता आणि चिमुकल्या खुर्च्या ओसरीवर ओळीने उभ्या होत्या. "माणसं जमली की खुर्च्या इथे येऊन बसतात."

सर वाकले. मग म्हणाले, "आणि चहा कुठून येणार?"

परीक्षकाने चहाची वाट विचारली की समजावं, घर मान्य झालं.

तेव्हा मायबाप, पाहुणे आले आणि खुर्ची उचलून बाहेर न्यायची वेळ आली, की पाक कार्सोंची आठवण काढा. शाबासकी द्यायची सगळेच विसरले. ते आपले परसात बसून सुरीला लागलेला गोंद खरवडतायत.