हौसेची खुर्ची

"पैशाचं शिक्षण? आणि त्याला क्लास? अगं, उभा जन्म मी कॅशच्या काउंटरवर काढला! तो क्लासवाला माझ्यापुढे काय शिकवणार, कपाळ?"

फोनवर लेकीला असं ठणकावताना कॅशियरसाहेबांचा आवाज चांगलाच चढला होता. डोळे मात्र कॅलेंडरातल्या रविवारांवर खिळले होते. निवृत्तीपाठोपाठ बायको गेली आणि आठवड्यात वाट बघावी असा एकच दिवस उरला, रविवार. रविवारी लेकीला ड्यूटी असायची, म्हणून ती सकाळी नातीला आणून सोडायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. बाकीचे दिवस साहेब घड्याळाशी बोलायचे. आणि आता लेकीने मुलांना पैशाचे व्यवहार शिकवणारा कुठलासा क्लास शोधला होता. तोही रविवारचा!

"बरं बाबा, या रविवारी तुम्ही शिकवा," लेक म्हणाली. "चिमूला काही कळलंय असं वाटलं तर क्लास रद्द. पण ओरडायचं नाही हं! बँकेत लोक तुमच्या काउंटरला यायला घाबरायचे."

"त्याला शिस्त म्हणतात!"

रविवारी साहेबांनी जय्यत तयारी केली. इस्त्रीचा शर्ट चढवला. जेवणाच्या टेबलाचा काउंटर केला. रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि दुकानदाराशी हुज्जत घालून निवडून आणलेला गोंद मांडला. "चिठ्ठी एकदा बसली की हलायला नको," त्यांनी त्याला बजावलं होतं.

"ज्याच्यावाचून अडतं ती गरज. तिला हिरवी चिठ्ठी," त्यांनी धडा सुरू केला. "ज्याच्यावाचून अडत नाही ती हौस. तिला लाल. पैसा आधी गरजेला!"

"आणि हौसेचं काय करायचं, आजोबा?"

"काढून टाकायची! तिचे पैसे करायचे!"

हे त्यांनी इतक्या थाटात सांगितलं की विचारू नका. घात झाला तो इथेच.

चिमू गोंदाची बाटली घेऊन घरभर सुटली. शेगडीला हिरवी. चष्म्याला हिरवी, तीही काचेवर!

"रेडिओ?"

"हिरवी. घरात कुणीतरी बोलायला हवं ना."

"कप दोन आहेत. तुम्ही तर एकटेच. एक कप हौस." लाल! दुसरी उशी लाल. मग ती टेबलाजवळच्या दुसऱ्या खुर्चीपाशी थांबली.

"ती आजीची आहे," साहेब घाईने म्हणाले.

"आजी आता बसते का तिच्यावर?"

"नाही."

"मग तिच्यावाचून अडतं का?"

उत्तर साहेबांच्या ओठांवर आलं होतं. रोज संध्याकाळी ते त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून जेवायचे आणि मीठ जास्त झालं की तिच्याकडेच तक्रार करायचे. पण हे आठ वर्षांच्या पोरीला सांगायचं कसं?

"बरोबर," ते कसेबसे म्हणाले. "शंभरपैकी शंभर." आणि चष्मा धुवायच्या निमित्ताने आत जाऊन पडले ते तिथेच त्यांचा डोळा लागला.

उठून बाहेर येतात तो काय, खुर्ची गायब!

"चिमू! खुर्ची कुठाय?"

"विकली!" चिमूने डबा खुळखुळवला. "जिन्यात दुकान मांडलं होतं. खुर्ची पाचाला, कप दोनाला. उशी कुणी घेईना, मग रखवालदारकाकांना फुकट दिली!"

ओरडायचं नाही, ओरडायचं नाही, असं पुटपुटत साहेब अनवाणीच जिन्याकडे धावले. कप समोरच्याच घरात निघाला. तिथल्या नर्सबाईंनी दार उघडलं आणि त्या बघतच राहिल्या. बायको गेल्यापासून साहेबांनी कुणाच्या दारावर टकटक केली नव्हती.

"तुम्ही? बसा, बसा!"

"बसायला वेळ नाही हो, तो कप..."

"त्यात आत्ताच चहा ओतलाय. संपवा आणि न्या."

मग काय, बसून चहा प्यावा लागला. चहा चांगला होता, याचा साहेबांना आणखीच राग आला. खाली उशीवर रखवालदाराचा कुत्रा झोपला होता. साहेबांनी हात पुढे करताच तो गुरगुरला, तेव्हा उशीवर पाणी सोडलं. खुर्ची तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींकडे होती.

"झकास निघाली हो!" मावशी म्हणाल्या. "मशीनपुढे जरा उंच होत होती. शेजारच्या सुताराकडून पाय कापून घेतले!"

"पाय... कापले?"

"परत हवी? मग कापल्याच्या मजुरीसकट पन्नास द्या."

सही जराशी वाकडी दिसली तरी माणसं परत पाठवणाऱ्या साहेबांनी मुकाट्याने पन्नास मोजले. बुटकी खुर्ची उचलून ते जिना चढले खरे, पण दारापाशी पोचताच पायरीवर बसले. तिथेच त्यांना रडू आलं.

चिमू घाबरली. "आजोबा, तुम्हीच म्हणालात ना, अडत नाही म्हणून?"

"खोटं बोललो ग. अडतं. फार अडतं. सांगायची लाज वाटली." त्यांनी नाक पुसलं. "पण तुला एवढे पैसे कशाला हवे होते?"

"आईला रविवारची सुट्टी घ्यायला. ती म्हणते, सुट्टी परवडत नाही. सुट्टी मिळाली की ती पण इथे राहील. मग दुसरा कप हौस नाही राहणार!"

साहेबांनी तिला जवळ ओढलं. पैशाबद्दल सांगण्यासारखं बरंच होतं. नेमकं आता त्यातलं काहीच आठवेना. "कुणाचं कशावाचून अडतं, ते आधी त्यालाच विचारायचं," एवढंच ते म्हणाले. "आणि त्याने खरं सांगायचं."

संध्याकाळी लेक आली.

"काय शिकलीस ग?"

"पाचाला विकलेली खुर्ची आजोबांनी पन्नासाला परत घेतली!"

लेकीने बुटक्या खुर्चीकडे पाहिलं, मग बापाच्या लाल डोळ्यांकडे. चिमूने मग सगळंच सांगितलं, सुट्टीचंसुद्धा.

"हिला क्लास नको," शेवटी लेक म्हणाली. "तुम्हाला हवाय, बाबा. दर रविवारी. शिकवायला हीच येईल. आणि एखाद्या रविवारी सुट्टी मिळते का, बघते मी."

त्या दोघी गेल्या आणि घर पुन्हा गप्प झालं.

सोमवारी सकाळी साहेबांना राहवेना. बघू तरी, म्हणून ते त्या बुटक्या खुर्चीत बसले. बसले ते बसलेच! गुडघे हनुवटीला लागले आणि काही केल्या उठता येईना. शेवटी लाजलज्जा गुंडाळून त्यांनी हाका मारल्या. नर्सबाई आल्या, मावशी आल्या. एकीने एक हात धरला, दुसरीने दुसरा, आणि मुळा उपटावा तसा कॅशियर वर काढला!

"मजुरी किती?" साहेबांनी पडेल आवाजात विचारलं.

"चहा," मावशी म्हणाल्या आणि साहेबांच्या उंच खुर्चीत ऐसपैस बसल्या. नर्सबाई घाईत होत्या, त्या दारातूनच निघून गेल्या.

साहेबांनी दोन कप काढले. एकावरची लाल चिठ्ठी अजून तशीच होती. त्यांनी ती नखाने खरवडली, पाण्याखाली धरली, चमच्याने घासली. छे! निघायचं नाव नाही! गोंद त्यांनी स्वतः निवडून आणला होता.