दोन खिळ्यांचा मोर

आमच्या शेजारचे दिनकरतात्या मयताला गेले तरी आधी त्या घराच्या गोठ्यात डोकावतात. 'वाईट झालं' हे नंतर. गोठ्यात, माळ्यावर, जिन्याखाली कुठंही जुनी सायकल दिसली की हा माणूस तिच्यापुढं उकिडवा बसतो, हँडलखालच्या पितळी बिल्ल्यावर फुंकर मारतो, कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि उमटलेला ठसा वहीत चिकटवतो. बिल्ला काढून कधी मागत नाहीत. "सायकलीचं कुंकू पुसल्यागत हुईल, वैनी," म्हणतात. मग हात धुऊन, तोंड पाडून सांत्वनाला आत.

सायकल चालवायचा नाद म्हणाल तर मुळीच नाही. चालवता येते तरी का, याचीच मला शंका आहे. नाद आहे तो बिल्ल्याचा धनी शोधायचा. पूर्वी सायकली कुठल्या कुठल्या मुलखातनं यायच्या आणि गावोगावचे दुकानदार त्यांच्यावर आपापल्या नावाचा बिल्ला करून ठोकायचे. म्हणजे सायकल करणारा एक आणि विकणारा दुसराच. "करणारा कोण ते कुणीबी सांगंल. विकणारा कोण ते सांगा की!" हे तात्यांचं पालुपद. आपण काय सांगणार, कपाळ! पण आपल्याला येत नाही म्हटलं की त्यांना कोण आनंद होतो.

माझ्या मुलासाठी आजऱ्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून यांना घेतलं. चूक माझीच. पोहे आले, मुलगी आली, तात्या गायब. शोधलं तर माळ्यावर, काजूच्या पोत्यांमागं! खाली उतरले ते नाकाला काजळी, डोक्यात जळमटं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आणि हे भर बैठकीत जाहीर करतात, "घर चांगलं हाय. आज्ज्याची सायकल अजून तेल लावून ठेवल्या. पोरगी नांदंल." मुलीचे वडील खूश! लग्न तिथंच ठरलं. सून खरंच गुणाची निघाली, म्हणून मला बोलायची सोय राहिली नाही.

तर सांगायची गोष्ट मोराच्या बिल्ल्याची. भंगारात तात्यांना एक सुटा बिल्ला मिळाला. त्यावर मोर होता, आणि मोराखाली एके काळी दुकानदाराचं नाव होतं. एके काळी, कारण दरवर्षी खंडेनवमीला सायकलीची पूजा, आणि पूजा म्हटल्यावर बिल्ला चिंचेनं चकचकीत घासणं आलंच. घासून घासून मोर तेवढा राहिला, नाव गेलं. "भक्तीनं वाटोळं केलं वैनी, भक्तीनं!" तात्या दोन दिवस जेवले नाहीत नीट.

त्यांच्यासारखेच छांदिष्ट लोक मोबाइलच्या एका ग्रुपवर जमलेत. तिथं पुण्याच्या एका निवृत्त साहेबांनी ठोकून दिलं की बिल्ला बेळगावच्या दुकानाचा. तात्या म्हणाले, गडहिंग्लजचा! झालं, जुंपली. वर्षभर दोघं एकमेकांना 'आदरणीय' म्हणत चिंध्या फाडत होते. शेवटी पैज लागली. जो हरेल त्यानं ग्रुपवर 'माझी चूक झाली' असं लिहायचं. आता हे तीन शब्द तात्यांनी जन्मात उच्चारले नव्हते. लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींना अडवून दुरुस्त करणारा माणूस हा!

तात्यांकडं एकच साक्षीदार होता. त्यांच्या जुन्या ओळखीचे शिवाप्पाअण्णा. गडहिंग्लजच्या बाजारात त्यांचं सायकलचं दुकान होतं, ते केव्हाच बंद झालं, आता नेसरीला सुनेजवळ राहतात. एका रविवारी आम्ही निघालो. गाडी माझी, पेट्रोल माझं, रस्ता मात्र तात्या सांगणार.

"अण्णांचा बिल्ला चार खिळ्यांचा," वाटेत तात्यांनी मला पढवलं. "समोरचा दुकानदार दोन खिळ्यांत भागवायचा. अण्णा त्याला दुकानदारच मानत न्हवते. आन् ह्या मोराला भोकं किती?"

"दोन."

"मग समोरच्याचाच की! अण्णांनी तेवढं तोंडानं म्हणायचं, तुम्ही व्हिडिओ काढायचा, आन् पुणं गार!"

अण्णा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. कपाळावर विभूती, नजर कुठंतरी लांब. त्यांनी तात्यांनाही ओळखलं नाही. "बसा पावणं," एवढंच म्हणाले. सून गौरव्वा हळूच मला म्हणाली, "डोळ्याला दिसत न्हाय, आन् आता ध्यानातबी काय ऱ्हात न्हाय. मलाच इचारत्यात, बाई तू कुणाची?" हसत सांगत होती बिचारी, पण ते हसू काही खरं नव्हतं.

तात्यांनी बिल्ला अण्णांच्या हातावर ठेवला. मी मोबाइल धरला. अण्णांचा अंगठा मोराच्या पिसाऱ्यावरनं फिरला, एकदा, दोनदा, आणि म्हातारा ताठ झाला.

"ह्यो माझा!"

चार खिळ्यांवाल्या अण्णांचा हा दोन भोकांचा मोर कसा असेल? पण अण्णा सुटलेच होते. सकाळी दुकानाच्या फळ्या कशा काढायच्या, उदबत्ती कुठं लावायची, सगळं हातवारे करून सांगायला लागले. एका मास्तरानं सायकल घेतली पण चालवायला येईना, म्हणून नवरीसारखी हाताला धरून त्यानं ती गावापर्यंत पायी नेली, हे सांगताना तर उठून उभे राहिले आणि सोप्यात चालूनच दाखवलं! आम्ही पोट धरून हसलो. गौरव्वा दारात थांबली होती. सहा महिन्यांत एवढं बोलले नव्हते म्हणे.

मग अण्णा आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "गौरव्वा, च्या टाक की पावण्यास्नी!"

नाव घेऊन. गौरव्वानं पदर तोंडाला लावला आणि ती आत पळाली.

अण्णा खाली बसले. बिल्ला मुठीत घट्ट. मग एकदम आवाज बारीक झाला. "माझाच न्हवं ह्यो?"

मी तात्यांकडं बघितलं. हा माणूस आता काय बोलणार हे मला ठाऊक होतं. भोकं मोजून दाखवणार, समोरच्याचं नाव काढणार, आणि म्हातारा पुन्हा विझणार. तात्या, गप्प बसा हो, मी मनातल्या मनात हात जोडले.

"तुमचाच की, अण्णा," तात्या म्हणाले. "दुसऱ्या कुणाची टाप हाय असा मोर लावायची?"

आणि बिल्ला त्यांच्याकडंच ठेवून उठले.

परतताना गडहिंग्लज आलं. चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "तात्या, व्हिडिओ टाकायचा का? अण्णा म्हणजे गडहिंग्लजच. पैज तुम्हीच जिंकलात."

"आन् पुणेवाला भोकं मोजंल, अण्णांचं चार खिळं त्यालाबी ठावं हाईत. म्हाताऱ्याला खोटं पाडंल. उद्या अण्णांच्या दारात येऊन इचारंल." तात्यांनी चष्मा चढवला, मोबाइल काढला आणि एका बोटानं टाइप करायला घेतलं. चहावर साय धरली तरी बोट चालूच. मग मला दाखवलं. 'आदरणीय साहेब, माझी चूक झाली. बिल्ला बेळगावचाच. विषय बंद.'

मेसेज पाठवला. ग्रुपवर नुसता जल्लोष! पुण्याच्या साहेबांनी फुलांचे गुच्छ पाठवले. तात्या ते बघून खदाखदा हसत होते, आणि रडत मी होते. व्हिडिओ मी पुसला नाही. गौरव्वाच्या नावाची हाक होती तेवढा तुकडा कापून तिला पाठवला.

पुढच्या रविवारी सकाळी सातला दारात तात्या. हातात पिशवी, पिशवीत दुसरा बिल्ला.

"चावी घ्या वैनी. नेसरीला जायाचंय. अण्णांना दाखवायचाय."

मी बिल्ला उजेडात धरला. हत्तीचं चित्र, आणि खाली इंदूरच्या दुकानाचं नाव, अक्षर न् अक्षर लख्ख.

"तात्या, अहो याचं नाव तर स्वच्छ वाचता येतंय! अण्णांना काय विचारायचं यात?"

"तुम्ही गाडी काढा हो," तात्या चपला घालत म्हणाले. "अण्णा म्हणाले त्यांचा, तर त्यांचा."