बाबांचा डावा गाल

मॉडेल येत नाही तर बाबांनाच खुर्चीत बसवू, असं मी सकाळी सात वाजता ठरवलं. एवढा साधा निर्णय. बाबांची नुकतीच दाढी झाली होती. चेहरा स्वच्छ, मोठा आणि रिकामा होता. (रागावलेले नसले की तो रिकामाच असतो.)

खरी मॉडेल माझी मैत्रीण होती. रात्रीत तिची अक्कलदाढ सुजली आणि अर्धा चेहरा टम्म फुगला. तशीच ये, माझं अर्धं काम झालंय, असं मी म्हटलं तर तिने फोनच ठेवला.

त्या दिवशी अकराला स्टुडिओत निवड होती. एका व्हिडिओ गेमवरून सिनेमा निघत होता. एका सरकारी कचेरीतले सगळे कर्मचारी मरतात, झॉम्बी होऊन उठतात, आणि नायिका कुऱ्हाडीने वाट काढत सातव्या मजल्यावर पोचते. त्या झॉम्बींचे चेहरे मला करायचे होते. पदवीनंतरची दोन वर्षं मी लॅटेक्स, टिश्यू पेपर आणि गोंद यांत घालवली होती. घरच्यांच्या मते वाया घालवली होती. या वेळी निवड झाली नाही तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा, असं बाबांनी बजावलं होतं आणि मीही तावातावाने 'भरेन' म्हणून बसले होते.

मॉडेल आणता येत नसेल तर फोटो चालतील, असं स्टुडिओने कळवलं होतं. म्हणजे बाबांवर मेकअप करायचा, फोटो काढायचे, नऊला चेहरा धुऊन त्यांना ऑफिसला सोडायचं. सत्तावीस वर्षांत बाबांना एकही लेटमार्क नव्हता.

मी त्यांना गोष्ट सांगितली. ते गंभीरपणे म्हणाले, "मेल्यावरसुद्धा कामावर येतात? चांगली माणसं आहेत."

यानंतर त्यांनी चेहरा माझ्या हवाली केला.

दीड तासात मी त्यांचं कपाळ कुजवलं, डोळे खोल नेले आणि हनुवटीचं हाड उघडं पाडलं. ओठांच्या कोपऱ्यांना गोंद जरा जास्त लागला, त्यामुळे तोंड उघडेना. (घरात अपूर्व शांतता पसरली. हा शोध मी कुणाला सांगितला नाही.) फोटो झाले. मी ओट्यावरची, मेकअप काढायच्या रिमूव्हरची बाटली आणली, कापूस भिजवला, कपाळावर चोळला. काहीच झालं नाही. पुन्हा चोळला. कपाळ ओलं झालं, एवढंच.

मी बाटलीचा वास घेतला. वासच नव्हता.

"आत्या, ही बाटली तू घेतली होतीस?"

बाबांची मोठी बहीण आमच्याकडेच राहते आणि घरातल्या यच्चयावत वस्तूंची ती मालकीण आहे. ती शांतपणे म्हणाली की त्या औषधाने एक्झॉस्ट फॅन काय सुरेख स्वच्छ निघाला. तळाशी थोडं उरलं होतं, त्यात तिने पाणी घालून वाढवलं.

आमच्याकडे संपत आलेल्या प्रत्येक बाटलीत पाणी घालायची पद्धत आहे. शाम्पू, भांड्यांचा साबण, कफाचं औषध, कशालाही माफी नाही. बाटली खळाखळा हलवून एक महिना जास्त चालवली की आत्याला गड जिंकल्यासारखं वाटतं. मी या पद्धतीवर बोलायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्यांची मानसिकता वगैरे मुद्द्यांपर्यंत पोचले होते. तेवढ्यात बाबांनी घड्याळाकडे बोट दाखवून "म्म्म्म" केलं.

"भाषण नंतर दे," आत्या म्हणाली आणि तारेची घासणी घेऊन आली.

मी आडवी येईपर्यंत तिने बाबांचा डावा गाल कढई समजून घासला होता. बाबांचं कातडं वाचलं, कारण घासलं गेलं ते त्यांचं नव्हतंच. पण माझ्या लॅटेक्सचे थर फाटून लोंबायला लागले. दीड तासाची मेहनत. मला रडू आलं, मग राग आला, आणि राग आल्यावर डोकं चाललं. स्टुडिओत रिमूव्हर असणारच. फोटो कशाला, मॉडेलच नेऊ.

रिक्षात आत्या आणि मी दोन बाजूंना, बाबा मध्ये बसले, दोन्ही हातांनी ऑफिसची बॅग धरून. रिक्षावाल्याने आरशात एकदाच पाहिलं आणि त्यानंतर तो एकाही सिग्नलला थांबला नाही.

हॉलमध्ये आणखी पाच जण आपापले झॉम्बी घेऊन बसले होते. झॉम्बी उड्या मारत होते, गुरगुरत होते, एक तर जमिनीवर लोळत होता. दिग्दर्शिका माझ्याच वयाची, केस बारीक कापलेले. मला हायसं वाटलं. निदान इथे तरी म्हातारं कोणी नाही.

आमची पाळी आली तेव्हा बाबांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. साडेअकरा. ते उठले. मान वाकडी, एक खांदा बॅगेच्या वजनाने खाली, नजर घड्याळावर खिळलेली, पाय फरफटत ते दिग्दर्शिकेच्या टेबलापर्यंत चालत गेले आणि दोन्ही तळवे त्यावर आपटून म्हणाले, "म्म्म्म."

एक शिकाऊ पोरगी खुर्चीसकट मागे गेली. दिग्दर्शिका मात्र उभी राहिली.

"हेच," ती म्हणाली. "गेममध्ये अगदी असेच चालतात. यांना कुणी शिकवलं?"

"सत्तावीस वर्षांची तालीम आहे," मी म्हणाले. खोटं काय होतं त्यात?

ती बाबांच्या चेहऱ्याभोवती फिरली. कपाळ उत्तम, हनुवटी फारच छान, म्हणाली. मी मनातल्या मनात उंच होत गेले. मग ती डाव्या गालापाशी थांबली आणि लोंबणाऱ्या थरांकडे खुशीत बघत राहिली.

"हा गाल कुणी केला?"

खोटं बोलायला एक क्षण पुरेसा असतो. पण आत्याने तोही दिला नाही.

"मी," ती म्हणाली. "तारेच्या घासणीने. उलट्या हाताने घासावं लागतं."

माझी निवड झाली. पाच जणांना मागे टाकून झाली, हे मी इथे ठळक लिहिते. बाबा मुख्य झॉम्बी झाले, रिमूव्हरने तोंड सुटताच त्यांनी आधी ऑफिसला फोन केला आणि मग ते मला म्हणाले, "फॉर्म फाडून टाक." त्यांच्या आवाजात अभिमान होता. आयुष्यात प्रथमच मी त्यांना उलट काही बोलले नाही.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी साठ झॉम्बी करायचे होते. मेकअपची पेटी घेऊन मी ताठ मानेने फाटकाशी पोचले. सिक्युरिटीवाल्याने यादीवर वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर. नाव काही सापडेना. दोन वर्षांचा अनुभव, पदवी, अकरा वाजताची निवड, सगळं मी त्याला समजावून सांगितलं. तो हलला नाही.

एवढ्यात आतून आत्या आली. गळ्यात ओळखपत्र, हातात नवी कोरी घासणी.

"सोडा तिला," ती म्हणाली. "माझ्याबरोबर आहे."